स्वभावाला औषध असते तेव्हा

'स्वभावाला औषध नसतं' ही आपल्याकडची फार जुनी म्हण. घरात कुणी घुमे झाले, कुणी चिडचिडे झाले, कुणाची कामातली चपळाई गेली, की चार दिवस समजूत घालून पाहायची आणि पाचव्या दिवशी ही म्हण उच्चारून विषय मिटवायचा, असा आपला रिवाज आहे. म्हणीचा फायदा असा की ती बोलणाऱ्याला मोकळे करते. आता आपल्या हातात काही उरले नाही, असा निवाडा देऊन तो निश्चिंतपणे पेपर उघडतो. नुकसान होते ते ज्याच्याविषयी ती उच्चारली जाते त्याचे. कारण आपण ज्याला स्वभाव म्हणतो तो दर वेळी स्वभाव असतोच असे नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या थोडी खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. तिचे नाव थायरॉईड. मराठीत अवटू ग्रंथी. तिचे काम मंदावले की माणूस मंदावतो आणि पुष्कळदा त्याचे मनही मंदावते. या 'स्वभावा'ला मात्र औषध असते.

थायरॉईड हा शब्द आता आपल्या घरांना परका राहिलेला नाही. साखर, बीपी आणि गुडघे यांच्या पंगतीत तो केव्हाच येऊन बसला आहे. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या बाई ओळख होऊन दहा मिनिटे होतात न होतात तोच 'मला पण आहे, पन्नासची गोळी चालू आहे' असे सांगतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढ माणसांची तपासणी झाली होती. त्यात मुंबई होती, गोवाही होते. थायरॉईडचे काम कमी असलेल्यांचे प्रमाण सुमारे अकरा टक्के निघाले. स्त्रियांमध्ये ते जवळजवळ सोळा टक्के होते, पुरुषांमध्ये पाच. आणि तपासलेल्या दर शंभरांतल्या साडेतीन माणसांना आपल्याला हा विकार आहे याचा पत्ताच नव्हता. मला ही साडेतीन टक्के माणसे महत्त्वाची वाटतात. ती कुठेतरी आपापल्या घरी, आपापल्या कचेरीत वावरत होती. त्यांना काही झाले आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हते, तर इतरांना कुठून असणार? त्यांच्या वाट्याला औषधाऐवजी विशेषणे येत असणार. आळशी, रडकी, विसरभोळा, तुसडी.

मुख्य कचेरीची स्मरणपत्रे

ही ग्रंथी करते काय, ते आधी पाहू. आहारातले आयोडिन घेऊन ती मुख्यतः दोन संप्रेरके तयार करते. त्यांना टी-फोर आणि टी-थ्री म्हणतात. चार आणि तीन हे आकडे त्यांच्यातल्या आयोडिनच्या अणूंचे. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करायचे, किती इंधन जाळायचे, किती उष्णता निर्माण करायची, हे या संप्रेरकांवर ठरते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, त्वचेचा ओलावा, पाळीचे चक्र, सगळीकडे त्यांचा हात पोचतो.

या ग्रंथीवर देखरेख असते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची. ती टीएसएच नावाचे संप्रेरक सोडून थायरॉईडला कामाला लावते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हा व्यवहार चटकन कळला. शाखेकडून विवरणपत्र वेळेवर गेले नाही की मुख्य कचेरीचे स्मरणपत्र येई. तरीही गेले नाही तर दुसरे, तिसरे, मग तार. कागदांचा ढीग वाढला याचा अर्थ शाखेचे काम वाढले असा नसतो, काम थांबले असा असतो. टीएसएचचा आकडा म्हणजे ही स्मरणपत्रे. म्हणून थायरॉईडचे काम कमी झाले की टीएसएच वाढतो. 'माझा थायरॉईड वाढलाय' असे आपण सर्रास म्हणतो, तेव्हा बहुधा तो कमी झालेला असतो. टीएसएच सर्वसाधारणपणे ०.४ ते ४ च्या आसपास असावा असे मानतात. प्रयोगशाळेनुसार ही मर्यादा थोडी बदलते, गरोदरपणात वेगळी असते आणि उतारवयात वरचा आकडा थोडा सरकतो.

काम मंदावते कशामुळे? एके काळी मोठे कारण होते आयोडिनचा तुटवडा. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाने सुजलेले गळे ही नेहमीची गोष्ट होती. १९५० च्या दशकात कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडिनयुक्त मिठाचा उपयोग दाखवून दिला आणि पुढे ते मीठ देशभर पोचले. आज शहरांतून दिसणाऱ्या रुग्णांत मुख्य कारण वेगळे आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींत हा बदल वर्णिला. म्हणून या दुखण्याला त्यांचे नाव आहे.

आता मनाकडे येऊ. मेंदू हाही शरीराचाच अवयव आहे ही गोष्ट आपण वारंवार विसरतो. मेंदूच्या पेशींनाही ही संप्रेरके लागतात. ती कमी पडली की विचारांचा वेग उतरतो, नावे आठवत नाहीत, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते. ज्या रसायनांवर मनाचा तोल अवलंबून असतो त्या सेरोटोनिनसारख्या द्रव्यांच्या कामातही फरक पडतो असे मानले जाते. परिणाम असा की आवडीच्या गोष्टींतली गोडी जाते. 'कशातच राम वाटत नाही' असे आपण म्हणतो, ती नेमकी हीच अवस्था.

वेड्यांच्या वॉर्डातले रुग्ण

वैद्यकशास्त्राला हा संबंध कळायलाही वेळ लागला. लंडनचे सर विल्यम गल यांनी १८७३ साली काही स्त्रियांची हकिगत मांडली. चेहरा सुजलेला, आवाज जाड, जीभ मोठी; आणि पूर्वीचे चौकस, तरतरीत मन हळूहळू शांत, उदासीन झालेले. या विकाराला पुढे मिक्सिडिमा हे नाव पडले. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने एक समिती नेमली. तिने १०९ रुग्णांचा अभ्यास करून १८८८ साली अहवाल दिला. त्यात जवळजवळ निम्म्या रुग्णांना भास किंवा भ्रम होत असल्याची नोंद होती. बुद्धिभ्रंश, उन्माद आणि खोल विषण्णताही होती.

उपाय सापडला १८९१ साली. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून तो शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईंना टोचला. बाई सुधारल्या. त्यानंतर त्या अठ्ठावीस वर्षे जगल्या. पुढे अर्क पोटातूनच घ्यायचा असे. त्यांच्या औषधासाठी एकंदर ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या, असा हिशेब मरे यांनी नंतर दिला. आज तेच काम मोहरीपेक्षा थोडी मोठी असलेली गोळी करते. १९१४ साली केंडॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने थायरॉक्सिन वेगळे काढले आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले.

एवढे होऊनही मनोरुग्ण म्हणून दाखल झालेल्यांच्या गळ्याकडे कुणी फारसे पाहत नव्हते. गंमत म्हणजे एका कादंबरीकाराने ते पाहिले. ए. जे. क्रोनिन हा स्वतः डॉक्टर. त्याच्या १९३७ च्या 'द सिटाडेल' या कादंबरीत वेल्समधल्या खाणीच्या गावातला एक माणूस वेडा झाला म्हणून त्याला इस्पितळात पाठवायची तयारी चाललेली असते. कागदावर दुसऱ्या डॉक्टराची सही हवी असते. तरुण नायकाला बोलावतात. तो सुजलेला चेहरा, कोरडी त्वचा पाहतो आणि सही करायला नकार देतो. माणूस वेडा नाही, त्याची थायरॉईड बंद पडली आहे. औषधाने तो पूर्ववत होतो. याच कादंबरीवरून विजय आनंद यांनी १९७१ साली 'तेरे मेरे सपने' हा चित्रपट केला.

त्यानंतर बारा वर्षांनी, १९४९ साली, लंडनचे डॉ. रिचर्ड ॲशर यांनी 'मिक्सिडिमाचे वेड' अशा सरळ शीर्षकाचा लेख लिहिला. मनोरुग्णांच्या निरीक्षण वॉर्डाचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी चौदा रुग्ण सादर केले. थायरॉईडच्या औषधाने त्यांतले बहुतेक सुधारले. वेडाचे एक कारण रक्तात असू शकते आणि ते बरे होऊ शकते, हे डॉक्टरमंडळींच्या मनावर या लेखाने ठसवले.

एक्स्प्रेसची पॅसेंजर

इंग्लंडातली ही हकिगत आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीत घडू शकते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. तिथल्या एक कॅशियर बाई नोटा मोजण्यात इतक्या तरबेज की बाजाराच्या दिवशीसुद्धा त्यांच्या खिडकीसमोर रांग साचत नसे. वर्षभरात त्यांचा हात मंदावला. बंडल दोनदा मोजू लागल्या, तीनदा मोजू लागल्या. चैत्रात स्वेटर घालून येत. आवाज असा घोगरा झाला की फोनवर ग्राहक त्यांना 'साहेब' म्हणत. शाखेत विनोद झाला, 'एक्स्प्रेसची पॅसेंजर झाली.' एकदा कॅश कमी आली, ती त्यांनी पदरची भरली. वर मेमो मिळाला. त्यानंतर त्या डबा न उघडताच घरी नेऊ लागल्या. घरी काय बोलत होत्या ते पुढे त्यांच्या यजमानांनी सांगितले, 'मी नसले तर तुमचं बरंच होईल.'

निदान झाले ते अनपेक्षितपणे. मुलाला ताप आला म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डॉक्टरांनी मुलाला तपासले आणि मग आईलाच टेबलावर बसवून टाचेच्या मागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन खाली गेले आणि सावकाश, रेंगाळत वर आले. थायरॉईड मंदावल्याची ही एक जुनी खूण आहे. रक्त पुण्याला पाठवले, आठवड्याने रिपोर्ट आला, गोळ्या सुरू झाल्या. तीन-चार महिन्यांत खिडकीसमोरची रांग पुन्हा पळू लागली. बाईंचे एक वाक्य माझ्या लक्षात राहिले आहे. 'मला वाटलं होतं, मी आता अशीच.' ग्रंथी ठीक झाली. सेवापत्रकातला मेमो मात्र तसाच राहिला.

नाण्याची दुसरी बाजू

इथे लेख संपवला असता तर तो गोड झाला असता, पण खरा झाला नसता. अशा गोष्टी ऐकून आपल्या मनात एक सोयीस्कर समजूत घर करते की उदासीनता म्हणजे थायरॉईड, गोळी घ्या की गेली. प्रत्यक्षात निराशेने ग्रासलेल्या बहुतेक माणसांची थायरॉईड व्यवस्थित असते आणि थायरॉईड मंदावलेल्या पुष्कळांना नैराश्य नसते. २०२१ साली जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. दोहोंमध्ये संबंध आहे, पण पूर्वी मानला जात होता त्यापेक्षा तो बराच कमी आहे, असे निघाले. ग्रंथीचे काम स्पष्टपणे कमी झालेले असेल तिथे तो ठळक आणि तोही मुख्यतः स्त्रियांत. टीएसएच थोडासाच वाढलेला आणि टी-फोर ठीक, अशा सौम्य अवस्थेत तो जवळजवळ दिसलाच नाही. त्याआधी २०१७ साली युरोपात पासष्ट व त्यापुढच्या वयाच्या ७३७ माणसांवर एक चाचणी झाली होती. त्यांना हीच सौम्य अवस्था होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना पोकळ गोळी. वर्षभराने थकव्यात काही फरक आढळला नाही.

हे सांगायचे कारण व्यावहारिक आहे. ओळखीच्या एका घरात सुनेच्या बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी तिचे रडणे सुरू झाले. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही स्त्रियांच्या थायरॉईडला सूज येते, आणि नैराश्यही नेमके याच काळात गाठते. दोन्ही एकाच दारातून येतात, त्यामुळे घोटाळा होतो. हिचा टीएसएच वाढलेला निघाला. घरात सगळ्यांना हायसे वाटले. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, 'थायरॉईड आहे तिला.' गोळ्या झाल्या, तीन महिन्यांनी रिपोर्ट स्वच्छ आला आणि रडणे थांबले नाही. मग आले ते वाक्य, 'आता तर सगळं नॉर्मल आहे, मग रडायला झालं काय?'

या वाक्यात सगळा पेच आहे. थायरॉईड हा प्रतिष्ठित आजार आहे. त्याला आकडा आहे, छापील रिपोर्ट आहे, तो लग्नाच्या हॉलमध्ये सांगता येतो. नैराश्याला आकडा नाही. म्हणून आपण एकाच्या शालीखाली दुसऱ्याला लपवतो, आणि रिपोर्ट सुधारला की शालही काढून घेतो. मग आतला माणूस पूर्वीपेक्षा उघडा पडतो. पूर्वी त्याला निदान 'मला काहीतरी झालंय' असे म्हणता येत होते. आता त्याच्याकडे स्वभाव तेवढा उरतो. त्या सुनेला पुढे तिच्या आईने मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. आज ती बरी आहे. सासूबाई मात्र अजूनही थायरॉईडच सांगतात.

काय करावे

घरातल्या माणसाचे मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उतरलेले असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर आधी साध्या फॅमिली डॉक्टरांकडे जावे. सोबत थंडी सोसवत नसेल, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणे, वजन वाढणे, आवाज जाड होणे, पाळीत रक्तस्राव जास्त होणे अशा खुणा असतील तर थायरॉईडची शंका बळावते. स्वतःला सतत दोष देणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, पहाटे जाग येऊन जीव घाबरणे, या खुणा नैराश्याकडे अधिक बोट दाखवतात. पण सीमारेषा पुसट असते, म्हणून रक्त तपासून घ्यावे. उतारवयात तर 'आता वय झालं' असे म्हणण्यापूर्वी नक्कीच. कोलेस्टेरॉल विनाकारण वाढलेले असेल तेव्हाही.

मनोविकारावर लिथियम हे औषध चालू असलेल्यांनी थायरॉईड ठरावीक मुदतीने तपासावीच. ॲशर यांच्या लेखाच्याच वर्षी, १९४९ साली, जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने लिथियमचा उपयोग जाहीर केला. मनाला सावरणारे हे औषध काही जणांच्या थायरॉईडचे काम मंदावते, हे पुढे कळले.

गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. आपल्या घरांत चहा थांबवणे हेच मोठे पथ्य! कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या. औषध रक्तात सावकाश मुरते, म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी असते. मन सुधारायला कधी त्याहून अधिक वेळ लागतो. बरे वाटले म्हणून गोळी परस्पर सोडू नये आणि वजन उतरवण्यासाठी ती परस्पर वाढवूही नये. जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात, झोप उडते. नैराश्यावरची औषधे चालू असतील तर थायरॉईड सापडली म्हणून तीही डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. दोन्ही उपचार एकत्र चालू शकतात.

आणि 'मी नसलेलंच बरं' हे वाक्य घरात ऐकू आले, तर रक्ताच्या रिपोर्टाची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी मदत घ्यावी. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आहे. क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते.

माणसाच्या गळ्यात आणि मनात एकाच वेळी काय चालले आहे, हे एका आकड्यावरून कळत नाही. आकडा जरूर काढावा. तो वाढलेला निघाला तर उपाय सोपा आहे, याचा आनंद मानावा. तो नॉर्मल निघाला तर लिफाफा कपाटात ठेवून द्यावा, त्या माणसाशेजारी बसावे आणि 'आता कसं वाटतंय?' एवढेच विचारावे. उत्तर यायला वेळ लागला तरी मध्ये बोलू नये.